आबांनी साफ केलेले सहा फोटो

या घराण्यात तीन पिढ्यांत कुणाच्या चेहऱ्यावर साधा मुरुम उठलेला नाही. निदान फोटोत तरी नाही. घरच्या फोटो स्टुडिओतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावरून आबांचा हात फिरायचा. आधी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल, आणि गेली वीसेक वर्षं संगणकावर पेन. कांजिण्यांनी चाळण झालेली पोरं आबांच्या हाताखालून गुळगुळीत होऊन बाहेर पडत, आणि त्यांच्या आया तो फोटो खरा आणि पोरगं खोटं मानून घरी जात. कुणाची कधी तक्रार आली नाही.

म्हणूनच त्या सकाळी मुलांच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जे घडलं, ते दुसऱ्या कुठल्या घराच्या वाट्याला आलंच नसतं.

खोली एवढीशी आणि माणसं ही एवढी. सून भोपूला मांडीवर घेऊन खुर्चीत, तिच्यामागे तिचा नवरा, म्हणजे आबांचा धाकटा, गळ्यात नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याची बॅग. दुसऱ्या खुर्चीत आबा, आणि आबांच्या शेजारी त्यांची थोरली लेक, म्हणजे भोपूची आत्या. स्टुडिओचा गल्ला, गिऱ्हाइकं आणि घरातल्या सगळ्यांची डोकी तीच सांभाळायची. भोपू साडेतीन महिन्यांची. एवढ्याशा गळ्यातून एवढा आवाज निघतो कसा, म्हणून आत्यानेच तिला ते नाव ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाई एकदा पडद्यावर बघत होत्या, एकदा भोपूकडे, पुन्हा पडद्यावर.

"हे फोटो हिचेच ना?"

"म्हणजे काय!" आत्या म्हणाली. "दर सोमवारी मीच पाठवलेत. सहाच्या सहा."

पडद्यावर सहा भोपू होत्या. सारखा उजेड, सारखं अंतर, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मापाला कपाळाशी धरलेलं नाणं. सहाही जणींच्या डाव्या पापणीवर मसुरीएवढा लाल ठिपका. आणि सुनेच्या मांडीवर होती ती सातवी, जिच्या पापणीवर शर्टाच्या बटणाहून मोठी लालभडक, फुगीर गाठ होती. पापणी निम्म्याहून जास्त खाली आली होती. भोपू जगाकडे एका डोळ्याने बघत होती, आणि तेही कपाळाला आठ्या घालून.

डॉक्टरीणबाईंनी बोटाने गाठ हलकेच दाबली. रंग फिका झाला, बोट उचलताच पुन्हा भरून आला. "मऊ आहे, हाताला ऊब लागते. दिसायला अगदी रक्तवाहिन्यांची साधी गाठ. कितीतरी बाळांना होते. कॅन्सर-बिन्सर काही नाही, आपोआप विरते. पण ही गाठ पहिले काही महिने आठवड्याला थोडी थोडी वाढत जाते. तुमच्या फोटोंत सहा आठवडे जशीच्या तशी. म्हणून मीच कळवलं होतं ना, वाढ थांबलेली दिसते, महिन्याने या. आणि शेवटच्या फोटोनंतर चार दिवसांत तिप्पट? अशी वागत नाही ही गाठ."

"मी कधीची सांगतेय वाढतेय म्हणून," सून म्हणाली.

हे ती खरंच कधीची सांगत होती. स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर तिचं शिवणकाम चालायचं, आणि डोळ्याला दिसण्याआधी बोटांना माप कळायची तिला सवय होती. ती जेवताना सांगायची, झोपताना सांगायची. आणि प्रत्येक वेळी आत्या तिला संगणकासमोर उभं करून फोटो दाखवायची. "हे बघ. मागच्या आठवड्यात एवढीच, आजही एवढीच. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस." चार वेळा असं झाल्यावर सुनेने सांगणं बंद केलं. आजची वेळही तिने कुणाला न विचारता परस्पर फोन करून घेतली होती, आणि मग गाडी निघायच्या वेळी सगळे एकेक करून तीत चढले होते.

तिने पिशवीतून एक वही काढली. पानावर सहा लाल दोरे चिकटवलेले, प्रत्येकाखाली तारीख. पहिला नखाच्या टोकाएवढा, शेवटचा जवळजवळ बोटाच्या पेराएवढा.

"दर रविवारी, ती झोपली की गाठीवर दोरा धरायचा आणि बरोबर कापायचा."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढून दोरे मोजले. मग पडद्यावरचा फोटो मोठा केला आणि नाण्याशी माप लावून पाहिलं. "बाई, तुम्ही फार मेहनत घेतलीत. पण दोरा ताणला जातो, हात हलतो. दोरे आणि फोटो, दोन्ही खरे असू शकत नाहीत. आणि कॅमेरा काही खोटं बोलत नाही."

आबांना ठसका लागला.

"फोटो मीच काढलेत, मॅडम," धाकटा अभिमानाने म्हणाला. "एकच लेन्स, एकच दिवा. त्यात तसूभर फरक नाही." बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण भलत्याच बाजूने साक्ष दिली, पण तोवर उशीर झाला होता.

"मग मला दुसऱ्या गाठींचाही विचार करायला हवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भूल देऊन तुकडा काढू, तपासायला पाठवू. अहवालाला दोन आठवडे. तोवर औषध सुरू करता येणार नाही. आणि खरं सांगू? मला एक दिवससुद्धा घालवायचा नाहीये. बुबुळ झाकलं जातंय. या वयात मेंदू बघायला शिकत असतो. डोळ्यावर पडदाच राहिला तर मेंदू त्या डोळ्याचा नाद सोडून देतो. मग पुढे गाठ विरली तरी नजर येईल याची खात्री नाही."

भोपूने एक लांब जांभई दिली.

"अंगावर आणखी कुठे ठिपके आहेत का, तेवढं बघून घेते. आईने थांबा. बाकीच्यांनी जरा बाहेर. बाबांनी ही चिठ्ठी घेऊन भुलीची तारीख मिळवा."

आबा उठले तेव्हा आत्याचा पाय त्यांच्या पायावर होता. तो तिने ठसका लागल्यापासून उचललेला नव्हता.

कॉरिडॉरमध्ये निळ्या बाकांची रांग होती आणि भिंतीवर एक घड्याळ. धाकटा चिठ्ठी घेऊन खिडकीकडे पळाला. आबा बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ती माझी सावली आहे गं," ते म्हणाले. "पापणीच्या कडेची. अशी सावली दुसरं कुणी टाकत नाही."

"हळू बोला, आबा."

"तू ते फोटो कुठे ठेवत होतीस?"

संगणकावर एक फोल्डर होता, नाव 'बाहेर जाणारे'. त्यात जे पडेल ते आबा जेवणाआधी साफ करायचे, आणि जेवणानंतर आत्या ज्याचं त्याला पाठवायची. वीस वर्षांचा शिरस्ता. भोपूचे फोटोही बाहेरच जायचे होते, म्हणून तिने तिथेच टाकले. आबांना वाटलं, नातीचा अल्बम चाललाय. पहिला ठिपका त्यांनी पुसला नाही. पोरीची खूण आहे, असू दे, म्हणून नुसती कड मऊ केली. मग दुसरा फोटो पहिल्याशी जुळवला, तिसरा दुसऱ्याशी. एका माणसाचे फोटो एका हाताचे दिसले पाहिजेत, हे तर त्यांनीच धाकट्याला शिकवलं होतं.

"पण आबा, तुम्हाला घरात दिसत होतं की! रोज मांडीवर घेऊन बसायचात."

"दिसत होतं. मला वाटायचं, डॉक्टर म्हणाल्यात ना ठीक आहे, मग ठीक असेल."

"डॉक्टर फोटो बघून म्हणाल्या!"

"ते आत्ता कळलं."

एरवी आत्याला हसू आवरलं नसतं. आत्ता तिला डोळ्याची भीती होतीच, पण तिच्या मनात दुसरंही काही चाललं होतं. थोरला भाऊ याच घरातून एका शब्दावरून उठून गेला होता, आणि त्याला आता सहा वर्षं झाली. सुनेचं खरं होतं आणि आपण तिला चार वेळा संगणकासमोर उभं केलं, हे बाहेर आलं तर ती एक दिवस तरी राहील का या घरात? आणि ती गेली की धाकटा जाणार, भोपू जाणार. मग मोठ्ठ्या स्टुडिओत आपण दोघं, बाप आणि लेक, कुणाचे फोटो काढत बसणार?

"आबा, ऐका. तुकडा काढून तपासतील, त्यात काही निघणार नाही, आणि मग औषध देतील. कुणी कुणाला काही सांगायचं कारण नाही. दोन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे."

"आणि डोळा?"

आत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली.

"एवढ्याशा जिवाला भूल देणार, सुरी लावणार. कशासाठी? तर माझी सावली खरी दिसते म्हणून." आबा गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. "तू पाय काढ माझ्या वाटेतला. माझा मघापासून ठणकतोय."

त्यांनी दार न वाजवताच उघडलं. भोपू उघडीवाघडी टेबलावर पाय झाडत होती आणि डॉक्टरीणबाई तिच्या काखेत डोकावत होत्या.

"डॉक्टर, ते सहा फोटो खोटे आहेत," आबा म्हणाले. "मी साफ केलेत. पोरीचे दोरे खरे आहेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं, फोल्डरपासून सावलीपर्यंत. मधेच धाकटा चिठ्ठी घेऊन आला आणि दारातच थिजला. आबांनी आत्याचं नाव घेतलं नाही, तेव्हा मागून आत्याचाच आवाज आला. "फोल्डरमध्ये मी टाकले. आणि वहिनीला वेड्यात काढलं तेही मीच."

सुनेचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. एरवी आत्या तिला नुसतं 'अगं' म्हणून हाक मारायची. आज पहिल्यांदाच तोंडातून 'वहिनी' निघालं होतं, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

"थांबा, थांबा," धाकटा बॅग उघडत म्हणाला. "मूळ फोटो कार्डात आहेत. मी कार्ड कधी पुसत नाही."

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चौकोनात त्याने एकेक फोटो पुढे सरकवला. मसूर, मग वाटाणा, मग लहान बटण, मग मोठं बटण. डॉक्टरीणबाईंनी वही शेजारी धरली. दोरा आणि फोटो, फोटो आणि दोरा. सहाव्यापर्यंत पोचल्यावर त्यांनी धाकट्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, टराटरा फाडली आणि टोपलीत टाकली.

"पुस्तकात चित्र काढावं अशी वाढलीय. हीच ती साधी गाठ. तुकडा नको, भूल नको. औषध आजच, इथेच." मग त्या आबांकडे वळल्या. "आजोबा, तुम्ही माझ्याकडून दोन आठवडे फुकट घालवून घेणार होतात. मला तुमचा भयंकर राग यायला हवा."

"येऊ द्या की," आबा म्हणाले. "आम्ही बसलोय."

डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं. "माझ्या ओळखपत्रावरचा फोटो दाखवते तुम्हाला कधीतरी. तुम्ही भेटला असतात तर बरं झालं असतं."

सून मात्र हसली नाही. तिने भोपूला गुंडाळून छातीशी घेतलं. "आबा, मी रागावलेय तुमच्यावर. ताईंवर तर त्याहून जास्त. आणि तुमच्यावर," ती नवऱ्याकडे वळली, "तुमच्यावर सगळ्यात जास्त. तसूभर फरक नाही म्हणे!"

"चुकलंच माझं," धाकटा म्हणाला.

"रागाव, पोरी," आबा म्हणाले. "आमचं तोंडच नाही काही बोलायला."

"आज नाही उतरायचा हा राग. उद्याही नाही. पण घरी जाऊन बघू त्याचं. आधी औषध." कितीतरी आठवड्यांनी तिला हलकं वाटत होतं. आपण वेड्या नव्हतो, एवढं कळल्यानेच तिचं निम्मं ओझं उतरलं होतं.

औषधाचं नाव लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे खरं तर हृदयाचं औषध. झालं! आत्याने पदर खोचला.

"हृदयाचं? हिचं हृदय ठणठणीत आहे! दूध मिळायला उशीर झाला तर कशी किंचाळते, ऐकलंय कधी?"

"ऐकतेच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण भोपूने सूर लावला होता. "हृदयासाठी म्हणून एका बाळाला हे दिलं होतं, आणि त्याच्या अंगावरची अशीच गाठ विरायला लागली. तेव्हा डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. आता आम्ही पहिलं हेच देतो. नाडी थोडी मंदावते, साखर उतरू शकते, म्हणून पहिला डोस इथे बसून. दर तासाला नाडी आणि रक्तदाब बघू. घरी पोट भरलेलं असेल तरच द्यायचं. दूध घेत नसेल, उलट्या होत असतील, छातीत घरघर असेल तर द्यायचं नाही, मला फोन करायचा. भलतीच सुस्त वाटली तर थेट इकडे."

"वहिनी, तू ठरव," आत्या म्हणाली. "यापुढे मी हिच्या बाबतीत तोंड उघडणार नाही."

"उघडा हो," सून म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात तर मला जास्त भीती वाटेल."

पाजून झाल्यावर नर्सने औषध भरलेली बिनसुईची सिरिंज पुढे केली. गालाच्या आतल्या बाजूला, थेंबाथेंबाने, घाई न करता. सुनेने सिरिंज आबांच्या हातात दिली. राग होता तिथेच होता, पण घरात सगळ्यात स्थिर हात कुणाचा, यावर वाद नव्हता. आबांनी श्वास रोखला आणि जन्मभर ज्या हाताने दुसऱ्यांचे डाग मिटवले त्याच हाताने एकेक थेंब सोडला. भोपूने शेवटचा थेंब थुंकला तो नेमका त्यांच्या चष्म्यावर.

मग दोन तास. निळ्या बाकावर चौघं ओळीने, पायाला नाडीचं यंत्र लावलेली भोपू मधे. यंत्रावरचा आकडा दोनने उतरला की आत्या उभी राहायची, दोनने चढला की धाकटा. नर्सने शेवटी यंत्र उलटं फिरवून ठेवलं. आकडे तिला एकटीला दिसले तरी पुरे, म्हणाली. मधल्या वेळात त्याच मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी भोपूचा उजवा, चांगला डोळा झाकून पाहिला. तिने असा काही टाहो फोडला की शेजारच्या खोलीतली दोन पोरं गप्प झाली. एकाच डोळ्याने बघायची सवय लागायला लागलीय, ते म्हणाले. रोज तासभर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावा. डाव्या डोळ्याने बघायला लागली तर जिंकलो.

"आणि नाही लागली तर?" सुनेने विचारलं.

"बघू," ते म्हणाले. ते 'बघू' गाडीत सगळ्यांबरोबर घरी आलं.

पुढचे आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही आणि कुणी कुणाला एकटंही सोडलं नाही. सून आबांना चहा द्यायची, पण कप जरा जोरात ठेवायची. धाकटा मिळेल ते काम करायचा, न सांगता. आत्या औषधाच्या वेळी घड्याळ घेऊन दारात उभी राहायची. गाठीचा रंग तिसऱ्या दिवशीच उतरायला लागला होता, मधोमध करडी झाक आली होती, पापणीही किंचित हलकी वाटत होती. पण हे कुणी मोठ्याने म्हणेना. आता त्या घरात कुणाचाच स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. जो तो हळूच सुनेला विचारायचा, "तुला काय वाटतं?"

पट्टीचा तास मात्र रोजचा तमाशा होता. सकाळी अकराला पट्टी लागली की वरच्या मजल्यावरून भोपूचा जो भोंगा सुरू व्हायचा तो बाराला थांबायचा. खाली फोटोला बसलेली गिऱ्हाइकं दचकायची. आत्या त्यांना सांगायची, "काही नाही, व्यायाम चाललाय."

नवव्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटं झाली आणि वरून आवाज आला नाही.

आत्याने बिलावरून मान वर केली. आबांच्या हातातला पेन थांबला. धाकट्याने एका नवऱ्या मुलाला हनुवटी वर करायला सांगितली होती, तो तसाच हनुवटी वर करून बसून राहिला.

"पट्टी लावली नसेल," धाकटा म्हणाला.

"लावली. मी बघितलं," आत्या म्हणाली. "आबा, ती रडत का नाहीये?"

मग तिला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. सुस्त वाटली तर. साखर उतरली तर. ती जिन्याकडे धावली. गुडघेदुखीचं तिचं वीस वर्षांचं रडगाणं त्या जिन्यावर साफ खोटं ठरलं. तिच्यामागे धाकटा, त्याच्यामागे कठडा धरून धापा टाकत आबा. आत्याला एकच दिसत होतं, अंथरुणावर निपचित पडलेलं पोर. माझ्यामुळे, माझ्यामुळे, असं ती प्रत्येक पायरीला म्हणत होती, आणि मोठ्याने म्हणत होती.

तिने दार ढकललं.

शिवणयंत्र बंद होतं. सून जमिनीवर पाठ टेकून बसली होती आणि गुडघ्यांच्या उतारावर भोपू. उजव्या डोळ्यावर पट्टी. डावी पापणी पुरती वर आली नव्हती, पण आली होती, आणि तिच्याखालचं बुबुळ अख्खं दिसत होतं. सुनेच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण भोपू त्या पाण्याकडे बघत होती. एक थेंब हनुवटीपर्यंत आला, तसा तो डोळा त्याच्यामागून हनुवटीपर्यंत आला.

"काय झालं? काय झालं गं?" आत्या ओरडली.

तो डोळा वळला. दारात घामाघूम उभ्या असलेल्या आत्यावर येऊन थांबला. मग तिच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या धाकट्यावर गेला, आणि त्याच्या बगलेतून आबांवर.

"ओरडू नका," सून म्हणाली. "एकेक जण समोर या. ती बघतेय."